दोन हिसके

कारखान्यात मिल चालू असली की घसा फोडून ओरडलं तरी पलीकडं काही पोचत नाही. म्हणून केबल तपासताना मी आणि माझ्या जोडीदारानं, मानसिंगनं, आमची खूण ठरवली होती. वायरीला दोन हिसके म्हणजे, मिळाली का? उलट दोन आले म्हणजे, मिळाली, ओढ.

अठ्ठ्याण्णवचा गळीत हंगाम. आष्ट्याजवळचा एक साखर कारखाना. ऑफिसात आम्हीच बसवलेल्या, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या नव्या स्विचवर वजनकाट्याच्या कॉम्प्युटरचा दिवा सकाळपासून बंद होता. उसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत तुंबलेल्या. आम्ही विश्रामबागेतून स्कूटरवर पोचलो, तर हेडक्लार्क लालासाहेबानं आधी माझं आडनाव विचारलं. बिघाड नंतर सांगितला.

"तुमचं मशीनच भिकार हाय," तो म्हणाला.

"मशीन भिकार का तुमची वायर, ते आता कळंल."

मी पोर्ट बदलला. दिवा नाही. तिथंच आखूड वायरनं ऑफिसातला एक कॉम्प्युटर जोडला, दिवा लगेच लागला. म्हणजे स्विच ठणठणीत. खोट जमिनीखालच्या केबलमध्ये. ती भिंतीतल्या पाइपातून आवाराखालून काट्याच्या केबिनपर्यंत गेली होती.

"मधी हीर हुती," लालासाहेब म्हणाला. "दसऱ्याला बुजवली."

"कशानं?"

"मातीनं. आनि कशानं?" हे म्हणताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

टेस्टरचे दोन तुकडे असतात. मोठा या टोकाला, छोटा त्या टोकाला. दोन्ही जोडले तरच आठ दिवे एकामागं एक पळतात. छोटा तुकडा शर्टाच्या खिशात टाकून मानसिंग काट्याकडं गेला.

थोड्या वेळानं माझ्या हातातली वायर हलली. दोन हिसके.

मी मोठा तुकडा जोडला. दिवे पळायला लागले. एक ते आठ, एकही न चुकता. वायर चांगली. मग स्विचवर दिवा का नाही? मी चडफडत पुन्हा जोडण्या बघत होतो, तेवढ्यात दारातून मानसिंग आत आला.

"तिकडं वायर तुटल्याली हाय गड्या." त्याच्या हातात वीतभर तुकडा होता. "उंदरानं खाल्ली आसंल."

"टेस्टरचा छोटा तुकडा कुठाय?"

त्यानं खिशातून काढून दाखवला.

टेस्टरवर दिवे पळतच होते.

मी बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात वाढलो. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर शिव्या दिल्यात. त्या दुपारी मी नुसतं वायरीकडं बोट दाखवलं. ती पुन्हा हलली. दोनदा.

मानसिंग हसला. "आयला, कोन हाय रं तिकडं?" नेहमीच्या सवयीनं त्यानं वायर मनगटाला गुंडाळली.

"मान्या, नको."

त्यानं उलट दोन हिसके दिले.

वायर ताठ झाली.

तो भिंतीवर आदळला. मूठ पाइपाच्या तोंडात रुतली. लालासाहेब पळाला. मी मानसिंगची कंबर धरली, पण आम्ही दोघंही पाइपाकडं सरकत होतो. सावकाश. ओढणाऱ्याला काही घाई नसल्यासारखं.

"तोड! प्रबुद्ध, तोड!"

मी कटर चालवला.

तुटलेलं टोक खाली पडलं नाही. ते हळूहळू पाइपात आत गेलं.

लालासाहेबानं दुसऱ्या दिवशी नवी वायर खांबांवरून टाकून घेतली. पाइपाच्या तोंडाला सिमेंट लावलं. विहिरीबद्दल विचारलं, तर म्हणाला, "तुला काय करायचंय?" मी त्याची गचांडी धरली, तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

आठवड्यानं मी रहिमतपूरला मानसिंगच्या घरी गेलो. तो खाटेवर झोपला होता. मनगटावर काळं वळं. त्याची आई, हरणाबाई, उशाशी बसलेली.

"बरं झालं आलास बाबा," ती हळूच म्हणाली. "रातध्याड ह्येचा हात झोपंत झटकं देतुया. दोनदा. मग थांबतुया. परत दोनदा. कुनाची वाट बघितल्यागत."

मी खाटेशेजारी बसलो.

"मगाशी मला लय वंगाळ वाटलं. म्हटलं, लेकरू काय मागतंय की. मग हात धरून म्या बी दोन झटकं दिलं." ती हसली. "तवापासनं बघ की, कसा शांत झोपलाय."

मी बघितलं. मानसिंगचा हात खाटेबाहेर, दाराच्या दिशेनं ताठ झाला होता.

आणि खाट फरशीवर जराशी सरकली.