होडीच्या संडासाचा पंप

‘नवीनच घ्या’ हे ज्याच्या तोंडी आधी येतं तो मिस्त्री नव्हे, दुकानदार. अकोल्याच्या जुन्या शहरात तीस वर्षं मी हातपंप आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतोय. या बाबतीत माझं डोकं जरा फिरलेलंच आहे.

मार्चमध्ये अमरावतीहून कुंदा मॅडम आल्या. निवृत्त शिक्षिका. पिशवीतून त्यांनी एक पितळी पंप काढला. दोन बाजूंना दोन जाड नळ्या, वर दांडा.

“शिडाच्या होडीतल्या संडासाचा आहे, किसनराव. दांडा मारला की घाण बाहेर समुद्रात जाते. ह्यांना हाच दुरुस्त करायचा होता. सगळे म्हणाले, नवा बसवा. बसवला, आणि गेले.”

त्यांचे यजमान रविकांतराव, नौदलातून निवृत्त झालेले, रत्नागिरीहून एकटेच निघाले होते. अकरा महिने झाले. ना होडी सापडली, ना माणूस. मुलगा सोहम वर्षश्राद्धाची तारीख ठरवून बसला होता.

“हा नीट झाला तर ते येतील, असं वाटतं मला. हसू नका.”

“मी काहून हसू मॅडम? बसा.”

आतल्या झडपांचं रबर कुजलं होतं. मी म्हशीच्या चामड्याच्या झडपा कापल्या, तेलात भिजवल्या, हातपंपात बसवतो तशा बसवल्या. एक नळी अर्ध्या बादलीत सोडली, दुसरी कोरड्या फरशीवर, आणि दांडा मारला.

बादली रिकामी व्हायला हवी होती. ती भरायला लागली.

चूक लगेच कळली. हाताच्या सवयीनं झडपा उलट्या बसल्या होत्या. पण फरशीवरच्या नळीला ओढायला पाणीच नव्हतं. मी बादलीत बोट बुडवून चाखलं. खारट. आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारटच असतं, पण बादली मी नळावर भरली होती.

मॅडमनी दांडा हातात घेतला. थोड्या वेळानं म्हणाल्या, “पलीकडून कोणी ओढतंय.”

मी हात लावला. खरंच. दोघांनी करवत ओढावी तसा दांडा येत-जात होता.

“ते होडीतलं पाणी उपसताहेत,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. आम्ही सात बादल्या मोरीत ओतल्या. मग त्या सोहमला फोन करायला बाहेर गेल्या. श्राद्ध करू नको, म्हणून सांगायला.

मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. झडपा सरळ केल्या की हा प्रकार थांबेल, असं वाटलं. मी पंप खोलला आणि त्या नीट बसवल्या.

आता बादली रिकामी झाली.

दुसरी नळी कोरडीच राहिली.

फरशीही कोरडी. मी पुन्हा बादली भरली. पुन्हा.

मॅडम आत आल्या. बादलीकडे बघितलं, मोरीकडे बघितलं.

“पाणी कुठं गेलं, किसनराव?”

मी कोरडी नळी उचलून दाखवली.

“किती बादल्या?”

“तीन.”

त्यांनी दांडा धरला. पलीकडं कोणी नसल्यासारखा तो आता एका बोटानंही हलत होता.