खांबाला टेकून मोजलेला बीपी

अमृतरावांचा बीपी दवाखान्यात एकशे तीस भरायचा आणि घरी एकशे नव्वद. लातूरचे डॉक्टर राघवेंद्र घरच्या आकड्यांची वही बघून हसले. "काका, लोकांचं उलटं असतं. मला बघून वाढतो. तुमचा घरीच वाढतो?"

"घरात सून हाय की," अमृतराव म्हणाले.

डॉक्टरांनी घरचं यंत्र मागवून ताडून पाहिलं. आकडा सारखाच आला. पण वहीही खोटी नव्हती. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधल्या प्रौढांच्या वर्गात ते अक्षरं शिकले होते. लिहिलेल्या आकड्यावर त्यांचा देवाएवढा विश्वास.

घरी मोजायची जागा ठरलेली. बैठकीत, सागवानी खांबाला पाठ टेकून.

खांब गावाकडचा. त्र्याण्णवला घर कोसळलं तेव्हा त्यांची नऊ वर्षांची अंबिका आत राहिली. ढिगाऱ्यातून टकटक येत होती. लोक ओरडत होते, "अमृतराव, खांबाला हात लावू नगा!" त्यांना वाटलं, खांब निघाला की वाट होईल. त्यांनी ओढला. खांब बाहेर आला आणि ढिगारा हातभर खाली बसला. टकटक थांबली.

पुढं गावानं लाकूड विकलं. त्यांना तो खांब विकवला नाही. लातूरच्या घराची माडी त्याच्यावरच उभी राहिली. माडीवर आता कोचिंगच्या सहा पोरी भाड्यानं राहायच्या.

त्यातल्या अपूर्वानं एकदा गंमत म्हणून खांबाला टेकून पट्टा बांधला. एकशे नव्वद, एकशे बारा. ठोके एकशे चाळीस.

अमृतरावांनी वही उघडली. महिनाभर हेच तीन आकडे.

"आजोबा, मी परीक्षेआधीच जाते बघा," ती हसली. मग दाराजवळ बसून मोजलं. एकशे दहा. ती क्लासला पळाली.

अमृतराव उठले. पट्टा खांबाभोवती जेमतेम पुरला. त्यांनी बटण दाबलं. पट्टा फुगला. थांबला. हवा सुटू लागली.

यंत्रावरचा बदाम लुकलुकायला लागला.

ठोके एकशे चाळीस.

दुपारी ते मुलाला, महांतेशला म्हणाले, "ह्यो खांब काढायचा हाय."

"वर सहा पोरी हायत, अप्पा. माडी खाली येईल." महांतेशनं ताटावरची मान वर केली नाही. "एकदा काढला होता की तुम्ही."

नंतर भाकरी मोडत म्हणाला, "दवाखान्यात बरोबर येतो ना बीपी? मग झालं."

त्या दिवसापासून अमृतराव स्वतःचा बीपी मोजत नाहीत. वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं: अंबिका, वय ९.

सोमवारी ठोके एकशे वीस.

गुरुवारी ऐंशी.

आज सकाळी पट्टा तीनदा बांधावा लागला. चव्वेचाळीस.

त्यांनी दोन्ही हात खांबाला घातले आणि वर बघितलं. माडीवर पोरी मोठ्यानं पाठ करत होत्या. सहाही आवाज ओळखू येत होते.

त्यांनी हात काढले. वहीत उद्याची तारीख लिहिली आणि पुढची जागा मोकळी सोडली.