डोलनचं रिव्हॉल्व्हर

पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हरं जमवण्यात लेरॉय स्टाउफरचा जन्म गेला, आणि त्याची वाट बघण्यात अर्लीनचा, त्याच्या बायकोचा. पेन्सिल्व्हेनियातल्या त्या गावातला पोलाद कारखाना बंद पडला, मुलगी ॲरिझोनाला गेली, अर्लीनला दमा जडला. तरी हा आपला तळघरातल्या पोलादी दाराच्या खोलीत, हातमोजे चढवून नळ्या पुसत बसलेला. अखेर त्याने शब्द दिला, आणि या वेळी अगदी मनापासून. रविवारी सकाळी मुलीकडे निघायचं, कायमचं. लिलाववाले पुढच्या महिन्यात येऊन सगळं उचलणार होते.

त्यातही त्याने एक शेवटचं घेतलंच, पलीकडच्या रस्त्यावरच्या मिसेस डोलनकडून. तिचा पोलिसातला नवरा वारून बरीच वर्षं झाली होती.

‘‘रोज संध्याकाळी या चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून बटण लावत जा,’’ ती म्हणाली. ‘‘मी एक दिवस चुकवला नाही.’’

‘‘अहो बाई, चामडं ओल धरतं. पोलाद पार गंजून जाईल!’’

‘‘तुम्ही जाणकार,’’ ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

लेरॉयने होल्स्टर गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवलं. रिव्हॉल्व्हर तेल लावून काचेच्या कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नळीवर गंजाचा ठसा होता, अंगठ्याचा. काही माणसांच्या घामाने पोलाद असं गंजतं, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचे हात तसे नव्हते, आणि हातमोजे तर कायमचेच. त्याने ठसा घासून काढला. पुढच्या दिवशी तो शेजारच्या रिव्हॉल्व्हरवर उठला. मग दाराजवळच्या. मग दारावर, आतल्या बाजूने.

‘‘तुझाच असेल,’’ अर्लीन म्हणाली. ‘‘तुझ्या हातांना त्या लोखंडाशिवाय दुसरं काय माहीत आहे?’’

तो हसला, पण त्याला त्या खोलीची भीती वाटू लागली होती.

रविवारी बॅगा गाडीत टाकताना त्याला गॅरेजमधला खिळा रिकामा दिसला.

‘‘तू होल्स्टर काढलंस?’’

‘‘मी त्या घाणीला हात लावेन? चल ना आता!’’

‘‘आलोच. एक मिनिट.’’

तळघरातला दिवा चालू होता. कपाट बंद, कुलूप जागेवर. आत डोलनचं रिव्हॉल्व्हर नव्हतं.

मागे दार लागलं.

आतून उघडायची मूठ त्याने स्वतः बसवली होती, शुक्रवारीच तेल दिलं होतं. ती आता गंजून एकजीव झाली होती. सगळा जोर लावूनही ती हलली नाही.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. वर चढणारी.

‘‘झालं का तुझं एकदाचं?’’ हवेच्या झरोक्यातून अर्लीनचा आवाज आला.

‘‘झालं,’’ कोणीतरी म्हणालं. आवाज लेरॉयचा होता.

‘‘अर्लीन!’’ तो जीव खाऊन ओरडला. ‘‘अर्लीन, मी इथे आहे!’’

वर अर्लीनची पावलं थांबली.

‘‘काही ऐकू आलं का रे?’’

‘‘नाही.’’

‘‘मला वाटलं होतं, तू आजही निघणार नाहीस,’’ ती म्हणाली, आणि हसली. असं हसणं लेरॉयने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिने मेन स्विच बंद केला. खोलीत अंधार झाला.

मग गाडीची दारं लागली. आधी तिच्या बाजूचं, मग त्याच्या.