नावाआधी ‘लेट’

प्राजक्ता आणि चंदनची गाठ पडली ती एका विशेषणामुळे.

तारकर्लीच्या देवळामागच्या सभागृहात ती संध्याकाळी होडीवाल्यांना इंग्रजी शिकवायची. पर्यटकांशी चार वाक्यं बोलता यावीत, एवढंच. त्या दिवशी एक उंच, ओलेता तरुण दारात येऊन ऐटीत म्हणाला, “गुड इव्हनिंग मॅडम! आय ऍम लेट चंदन!”

प्राजक्ताला हसू आवरेना. “नुसतं ‘आय ऍम लेट’ म्हणा, म्हणजे उशीर झाला. नावाच्या आधी ‘लेट’ लावलंत तर... कैलासवासी चंदन!”

“म्हणजे मी मेलंय?”

“व्याकरणाने तरी!”

“मेलेल्याकडे बगून कोण एवढा गोड हसता, मॅडम?”

ती लाजून फळ्याकडे वळली. सगळा वर्ग खो खो हसत होता. म्हातारे भिकाजी तेवढे हसले नाहीत.

“तिनसांजेक माणसाक असा म्हणू नये गो,” ते म्हणाले. “आयकणारे आयकतत.”

पण तरण्या पोरांना कुठलं भान! चंदन मुद्दाम उशिरा येऊ लागला. तीही काही कमी नव्हती; “या, लेट चंदन!” म्हणून रोज दारातच टोकायची. हसता हसता जीव जडला. बोललं मात्र कुणीच नाही.

मग माघातल्या एका संध्याकाळी दर्यावर धुकं उतरलं. चंदन एकटाच जाळी टाकायला गेला होता. बाकीच्या होड्या परतल्या, त्याची नाही.

प्राजक्ता किनाऱ्याकडे धावली. तो शब्द आपणच त्याच्या नावाला चिकटवला, रोज चिकटवला... आता खरा झाला तर? हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण ओठांवर तेच येऊ पाहत होतं — आधी ‘लेट’, मग नाव. तिने पदर तोंडात कोंबला आणि गप्प उभी राहिली. लाटांचाही आवाज येत नव्हता.

बऱ्याच वेळाने वल्ह्याची चुबुकचुबुक ऐकू आली. होडी वाळूला लागली. चंदन उतरला, तशी तिने आधी त्याचे पाय पाहिले आणि मग ती रडलीच.

“पाय कसले बगतंस? सुलटे आसत!” तो हसला. “धुक्यात माका दिशाच कळा नाय. तेवढ्यात तू हाका मारूक लागलंस... लेट चंदन, लेट चंदन! पण आवाजामागसून गेलंय, तर पाणी खोल खोल होत गेला... आवाज येत होतो भायल्या दर्यातून. म्हटलंय, ही माका थंय कशाक बोलावतली? म्हणान उलटो फिरलंय.”

“चंदन,” ती कुजबुजली, “मी हाक मारलीच नाही.”

तो गर्रकन दर्याकडे वळला. आणि तेवढ्यात धुक्यातून, अगदी तिच्याच आवाजात, लाडिक, हसरी हाक आली... “लेट चंदन!”

त्याचे ओठ उघडले. प्राजक्ताने झटकन त्यांच्यावर हात दाबला. वर्गातली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली.

“ओ देऊ नको! मी हंयसर आसंय... हंयसर! माका तू होयो, चंदन. जितो-जागतो होयो!”

तिच्या तळव्याखाली त्याचे ओठ हलले. त्याने हळूच ओ दिली — तिला.