अकरा नंबरचा अर्ज

तिची आणि त्याची पहिली भेट झाली तेव्हा ती नखशिखांत भिजलेली होती, आणि बाहेर चांगलं कडकडीत ऊन पडलं होतं. पावसाचा काडीचाही संबंध नव्हता. पंपांच्या त्या कारखान्यात ऑफिसकडे जायचा जवळचा रस्ता चाचणीच्या हौदावरून जायचा. नव्या माणसाला तो धोक्याचा आहे हे कुणी सांगत नसे, आणि तिला नोकरीला लागून चारच दिवस झाले होते. पाइप निसटला, आणि पाण्याचा झोत थेट तिच्या अंगावर आला.

व्हॉल्व्ह बंद करून तो धावत आला. चष्म्याच्या काचांवर थेंब, हातात पाना, आणि चेहरा इतका ओशाळलेला की भिजलेल्या तिलाच त्याची दया आली.

"लागलं का?"

"पाणी कधी लागतं का?"

"चार किलोच्या दाबाने लागतं," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे... तुम्ही जरा लांब होतात. सव्वादोन असेल."

भिजलेल्या मुलीला दाब मोजून सांगणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. ती हसली, आणि जे काही बिघडायचं होतं ते तिथेच बिघडलं.

त्याला सगळे मास्तर म्हणत. होता डिझाइन विभागात, पण कुणी काहीही विचारलं की हा खडू घेऊन फळ्याकडे निघालाच. तिचंही नाव आठवड्याभरात पडलं... पट्टी. कारण तिचं कामच तसं होतं. खासगी कंपन्यांनाही जातवार आरक्षण लागू करा, अशी चर्चा तेव्हा टीव्हीपासून चहाच्या टेबलापर्यंत सगळीकडे चालू होती. मालकांनी डोकं लढवलं. आपल्याकडे जात बघतच नाहीत, हे आधीच दाखवून द्यायचं. तेव्हापासून नोकरीचा असो वा बढतीचा, प्रत्येक अर्ज आधी तिच्या टेबलावर येई. नाव, आडनाव, गाव, वडिलांचं काम, कॉलेज, ज्या ज्या ओळीतून जात ओळखू येईल त्या त्या ओळीवर ती काळ्या कागदाची पट्टी चिकटवायची, झेरॉक्स काढायची आणि वर नंबर टाकायची. निवड समितीपुढे जायची ती झेरॉक्स. मूळ अर्ज तिच्या कपाटात कुलूपबंद.

मास्तरला ही शक्कल मुळीच पटली नव्हती. चहाच्या सुट्टीत कप घेऊन तो तिच्या टेबलाशी उभा राहायचा.

"पट्टीबाई, आज कुणाकुणाला गायब केलंत?"

"गायब नाही. सगळ्यांना सारखं केलं."

"नाव झाकता, ठीक आहे. पण कुणाच्या घरी अभ्यासाला खोली होती आणि कुणाच्या घरी दिवासुद्धा नव्हता, ते कसं सारखं करता?"

"मग काय, कोटा ठेवायचा? कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

"खरेदी विभागात जरा डोकावून या. तिघं बसलेत, तिघं एकमेकांचे साडू नाहीतर मेहुणे. तो कुठला कोटा म्हणायचा?"

तिला हसू यायचं, पण हरायला नको म्हणून ती ते गिळायची. महिनाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं, नेमकं कधी ते दोघांनाही सांगता आलं नसतं. वाद मात्र रोजचा. तो एखाद्या दिवशी आला नाही की तिचा चहा तसाच गार होई, आणि ती उगीच पाणी प्यायला उठे, म्हणजे डिझाइनच्या खिडकीवरून जाता येई.

एका गोष्टीवर मात्र ती हसत नसे. "माझा धाकटा भाऊ कॉलेजच्या प्रवेशात दोन मार्कांनी राहिला," ती एकदा म्हणाली. "वर्षभर त्याने मान वर केली नव्हती. आणि त्याच्यापेक्षा तीस मार्क कमी असलेला मुलगा आत गेला. आजोबा-पणजोबांनी केलं असेल काहीबाही. याने काय घोडं मारलं होतं?"

मास्तरने कप खाली ठेवला. "काहीच नाही," तो हळूच म्हणाला. "त्याला वाईट वाटणारच. मलाही वाटलं असतं. पण त्या तीस मार्कांच्या मागे कसलं घर होतं, तेही कुणीतरी बघायला हवं ना..."

"तू पुस्तकातलं बोलतोस."

"असेल," तो म्हणाला, आणि त्या दिवशी लवकर गेला.

मग गटारं उपसणाऱ्या नव्या पंपाचा विभाग काढायचं ठरलं. त्याला प्रमुख हवा होता. सतरा अर्ज आले. अकरावा उघडला आणि तिने अक्षर ओळखलं. फळ्यावर रोज दिसणारं, जरासं डावीकडे कललेलं. तिला उगाच लाजल्यासारखं झालं... आणि मग ती वाचू लागली. कॉलेज प्रवेश, राखीव जागेतून. वडिलांचं काम, सफाई कामगार. खाली 'हे पद का हवे?' या प्रश्नाखाली सात ओळी होत्या.

'माझे वडील गटारात उतरून काम करायचे. आत काय काय अडकतं ते मी जेवताना ऐकत मोठा झालो. कापड, केस, प्लास्टिक, तारा. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी मी त्यांच्याशेजारी बसून पंपाचं नवं पातं आखलं. त्यांनी ते दोनदा नापास केलं. तिसरं चाललं. आमच्या वस्तीत ते दहा महिने चालवून पाहिलं. त्या दहा महिन्यांत तिथे कुणालाच खाली उतरावं लागलं नाही. वडिलांनाही नाही.'

तिचे कान तापले. धर्मशाळा, तीस मार्क, पुस्तकातलं... आपलं एकेक बोलणं तिला आठवत गेलं, आणि प्रत्येक वेळी तो कप हातात धरून शांतपणे उभा असलेला आठवला. त्याचं आडनाव कुठेही खपून जाण्यासारखं. त्याने सांगितलं नव्हतं आणि तिने गृहीत धरलं होतं. मग तिला भीती वाटली. समितीत खरेदीचे साहेब होते, आणि चहाच्या वेळी ते कोट्यातल्या लोकांबद्दल काय काय बोलतात ते तिने ऐकलं होतं. तिने एक लांबरुंद पट्टी कापली आणि त्या सातही ओळींवर चिकटवली. चारही कोपरे अंगठ्याने नीट दाबले. नियमात बसत होतं, आणि आपण त्याला वाचवलं असं तिला मनापासून वाटलं.

पण त्यानंतर तिला चैन पडेना. घरी जाताना बस तिच्या स्टॉपवरून पुढे गेली तरी तिला पत्ता नव्हता. मास्तर चहाला आला की ती चटकन उठून त्याला खुर्ची देई. तो काहीही म्हणाला तरी "तुमचं बरोबर आहे" म्हणे. तिसऱ्या दिवशी तो खुर्चीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, आणि कप घेऊन परत गेला. चौथ्या दिवशी आलाच नाही.

गुरुवारी मॅडमनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, तिला आत बोलावलं. समितीचे गुण आले होते. अकरा नंबर सहावा होता.

"काम चांगलं दिसतंय याचं," मॅडम म्हणाल्या. "पण पद का हवं, तिथे नुसता काळा चौकोन. समिती म्हणाली, सांगण्यासारखं काही नसेल. एवढं काय झाकलंस तू?"

मॅडमनी झेरॉक्स तिच्यापुढे सरकवली.

"उद्या पाचला यादी लागेल. तोवर उमेदवाराने स्वतः हरकत घेतली तरच फेरविचार."

टेबलाशी येऊन तिने एक कागद ओढला, चूक माझी आहे असं चार ओळींत लिहिलं, तो मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सरळ हौदाकडे गेली. तो पंपाची नोंद घेत होता. पाण्याचे बारीक तुषार दोघांच्याही अंगावर येत होते.

"तुझा अर्ज मी वाचला," ती म्हणाली.

"माहितीये." त्याने वर पाहिलं नाही. "ज्या दिवशी तू मला खुर्ची दिलीस त्याच दिवशी कळलं."

"मी तुला दुखवायला नको म्हणून..."

"हॉस्टेलवर माझा एक मित्र होता. माझं कळल्यापासून तो माझ्या प्रत्येक वाक्याला हो म्हणायचा. फार चांगला वागायचा. वर्षभराने माझ्या लक्षात आलं की तो माझ्याशी बोलतच नाहीये." त्याने पंप बंद केला. एकदम शांत झालं. "माझ्याशी कडाकडा भांडणारी तू एकटीच होतीस. तीही गेलीस."

पण सांगायचं ते अजून पुढेच होतं. तिने सांगितलं. सात ओळी, मोठी पट्टी, सहावा नंबर, उद्याचे पाच.

त्याने नोंदवही मिटली. मग म्हणाला, "त्या सात ओळींखेरीज माझ्याकडे दुसरं आहे काय? मार्क तर सतराही जणांकडे आहेत. जात झाकायला गेलीस आणि कामच झाकलंस माझं."

"हो."

"कुणाला घाबरलीस? खरेदीवाल्यांना?"

"आधी वाटलं, त्यांना..." ती थांबली. "नाही. तुझी जात वाचून मला धक्का बसला. आणि आपल्याला धक्का बसतो, हे बघून त्याहून मोठा बसला. मी स्वतःला फार चांगली समजत होते रे."

हे ऐकून त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. चष्म्यावर पाणी होतं, तरी पुसलं नाही.

"हरकत घेतली तर सगळ्या कारखान्याला कळेल," तो म्हणाला.

"कळेल."

"आणि पद मिळालं, तरी कोट्यातलाच म्हणतील."

"इथे कोटा नसताना म्हणतील. म्हणू देत. पण हरकत घ्यायलाच हवी." तिने नाक पुसलं. "आणि ऐक, माझ्या भावाचे दोन मार्क मी तरीही विसरणार नाहीये."

तो हसला. चार दिवसांनी हसला. "विसरू नकोस," तो म्हणाला. "ते भांडण अजून संपलेलं नाही आपलं."

शुक्रवारी सकाळी त्याने हरकत नोंदवली आणि समितीने त्याला आत बोलावलं. बाहेरच्या बाकावर ती बसली, उठली, परत बसली. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. तो फळ्यावर पातं काढत होता, कापड कसं गुंडाळतं आणि तार कुठे अडते ते दाखवत होता. अर्ध्या तासाने खरेदीचे साहेब खुर्ची पुढे ओढून बसले, मग उठून फळ्यापाशीच गेले. पाचला यादी लागली. अकरा नंबर पहिला होता.

सोमवारपर्यंत कँटीनमध्ये कुजबुज पोचली होती. "कोट्यातला आहे म्हणे." तिने ताट उचललं आणि बोलणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसली. "पातं बघितलंत का त्याचं?" एवढंच विचारलं. कुणी बघितलं नव्हतं. तिचं पट्ट्यांचं काम मॅडमनी काढून घेतलं होतं आणि हातात एक मेमोही दिला होता, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. नवा विभाग आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. आता चहाला कुणी येत नव्हतं. आठ दिवस झाले. तो रागावलाय, की कामात आहे, की आपलं तेवढंच होतं... तिला काही कळेना. बोलायचं तर होतं, पण रिकाम्या हाताने जायचं नाही असं तिने ठरवलं. जे आपल्या बाजूचं आहे ते आधी करायचं.

नवव्या दिवशी ती आवार ओलांडून गेली. तो एका अर्धवट जोडलेल्या पंपाशेजारी वाकून बसला होता, कोपरापर्यंत ग्रीस.

"आलीस," तो म्हणाला, आणि लगेच पाना खाली ठेवला. "मीच येणार होतो. रोज निघायचो, पण अर्ध्या वाटेवरून परत फिरायचो."

"का?"

"तुझ्या घरी... मला वाटलं, उगाच तुला कोंडीत कशाला पकडायचं?"

"परत सांभाळून घेणं? हे तूही करायला लागलास?"

तो ओशाळला. हौदापाशी पहिल्या दिवशी ओशाळला होता अगदी तसाच, आणि तिला तो इतका आवडला की तिने श्वास घेऊन एकदमच सांगून टाकलं.

"मी काल घरी सांगितलं. मला एक जण आवडतो म्हणाले. भावाने विचारलं, भांडतो का? म्हटलं, रोज. मग आईने विचारलं, आडनाव काय."

"मग?" त्याने हळूच विचारलं.

"मग सांगितलं. आडनाव, वडिलांचं काम, सगळं. बाबांनी टीव्हीचा आवाज मोठा केला."

"आणि तू?"

"मी उठून आवाज बंद केला," ती म्हणाली, "आणि परत पहिल्यापासून सांगितलं."