पवित्राचं माप

कापडाचं एक टोक पवित्राच्या हातात होतं, आणि दुसरं… दुसरं कुणा अनोळखी तरुणाच्या.

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या कटपीसच्या दुकानात श्रावणातली दुपार. बाहेर ऊन-पाऊस एकदमच. हिरव्या चौकड्यांच्या सुती कापडाचा हा शेवटचा तुकडा.

"सोडा की पावणं," पवित्रा म्हणाली.

"मी आधी धरलंय." उन्हानं रापलेला चेहरा, ओल्या केसांतून निथळणारं पाणी, आणि डोळ्यांत मिश्कील हट्ट.

"कशाला पाहिजे तुमाला?"

"जीपच्या शिटांना."

"शिटांना? ह्या कापडावर बसणार तुमी?"

"मग तुमी काय करणार?"

"घालणार!"

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. निळा ड्रेस, दोन्ही बाजूंना ऐसपैस खिसे, गळ्याभोवती पिवळ्या दोऱ्याची वेलबुट्टी. "हा कुठनं घेतला?"

"घेतला न्हाय. शिवला. मी."

त्याची बोटं आपोआप सैल झाली. "मग राहू दे तुमालाच… पर मला एक शर्ट—"

"मी दुसऱ्या कुणाला शिवून देत न्हाय. एकाला दिलं की अख्खी गल्ली ब्लाउज घेऊन दारात येत्या."

"मग मला शिकवा."

पवित्रा हसली. थट्टाच वाटली तिला. 'रविवारी या' म्हणत पत्ताही तिनं थट्टेतच सांगून टाकला.

पवित्रा गडहिंग्लजची. कोल्हापुरात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी, राजारामपुरीत भाड्याची खोली. अंगापिंडानं थोराड, खांद्यानं रुंद. कॉलेजात असताना एका मोठ्या दुकानात विक्रेत्या पोरीनं तिला नजरेनंच मापलं होतं. "ताई, तुमच्या अंगात बसंल असं काय न्हाय हितं. पडद्याचं कापड खालच्या मजल्यावर मिळतंय." सगळं दुकान हसलं. पवित्रा रडली नाही. घरी जाऊन तिनं अव्वाचं, म्हणजे आईचं, धूळ खात पडलेलं शिलाई मशीन पुढं ओढलं. पहिल्या ड्रेसची एक बाही आखूड झाली, तरी तोच घालून ती ताठ मानेनं कॉलेजला गेली. त्यानंतर विकतचा कपडा तिच्या अंगाला शिवला नाही.

"लोक म्हणतील, पोरीला कापडं घ्यायची ऐपत न्हाय ह्यांची," अव्वा कळवळायची.

"म्हणू देत."

…आणि रविवारी तो खरंच आला! नेसरीचा सम्राट. घरच्या म्हशी, दुधाचा धंदा, त्यासाठी कोल्हापूरला रोजचीच फेरी. घरमालकीण अक्काताईंनी मशीन बाहेरच्या सोप्यात मांडायला लावलं आणि स्वतः मेथी निवडत शेजारीच ठाण मांडलं. कान मात्र मेथीकडं नव्हते.

"पाय हळू मार… शर्यत न्हाय ही," पवित्रा म्हणाली.

"तू समोर बसलीस की पाय आपोआप पळतोय."

"मग मी आत जातो."

"नको… मग मशीन थांबलंच की."

अक्काताई खोकल्या. पवित्रानं ओठ दाबून हसू लपवलं, पण गालांवर चढलेला रंग कुठं लपवणार?

रविवारामागून रविवार गेले. म्हशीची धार सराईत काढणारे ते हात सुईत दोरा ओवताना अडखळायचे. कधी तिची बोटं मदतीला यायची, क्षणभर जास्तच थांबायची. दसऱ्याला शर्ट झाला. कॉलरीचं एक टोक पन्हाळ्याकडं, दुसरं गडहिंग्लजकडं! सम्राटनं तो जरीचा असल्यासारखा मिरवला.

"ह्योच घालून तुला आमच्या घरी न्यायचं म्हणतोय," तो खाली बघत म्हणाला. "येतीस?"

ती गेली. अव्वाच्या जुन्या इरकलीतनं बेतलेला पायघोळ झगा घालून गेली. सम्राटची आई धोंडुबाई प्रेमानं बोलली. पण घरात शब्द चालायचा तो झुंबरआत्याचा.

"पोरगी शिकलीय. लिंगायताची हाय म्हणून बी आमचं काय म्हणणं न्हाय," आत्या म्हणाली. "पर साखरपुड्याला दुकानातली भारी साडी नेसायची. तवर अंगानं जरा उतर. आणि असलं घरी शिवल्यालं घालून भावकीत फिरू नगंस. हसतील लोक."

पवित्रानं सम्राटकडं बघितलं. सम्राट… कपातल्या चहाकडं बघत होता.

ती उठली. "आत्या, मी अंगावर कापड बेततो. कापडावर अंग बेतत न्हाय."

एसटी थांब्यापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. तो धावत, धापा टाकत आला.

"पवी, ऐक की… मोठ्या माणसांसमोर कसं बोलायचं? नंतर समजावतो मी त्यांना."

"नंतर?" ती आता वळली. "त्या दुकानात सगळी हसली, तवा माझ्यासंगं एक मैत्रीण हुती. ती बी नंतरच बोलली. रस्त्यावर आल्यावर."

त्यानं कॉलरीचं वर आलेलं टोक दाबून बसवलं.

"प्रेम हाय माझ्यावर?"

"हाय की! लई हाय."

"मग हितं थांब्यावर सांगू नको. जिथं गप बसलास, तिथं जाऊन सांग."

गडहिंग्लजची गाडी आली. तो वळला आणि गावाकडं चालू लागला. पाठमोरा, झपाझप. पवित्राचा एक पाय पायरीवर होता.

"येताय का ताई?" कंडक्टर ओरडला.

"न्हाय," ती म्हणाली, "आदी काम हाय जरा."

ती दाराशी पोचली तेव्हा आतून आवाज येत होता.

"…हाय तशीच पाहिजे मला! तिच्या अंगावर, कापडावर कुणी बोलायचं न्हाय. बोलायचंच असंल तर माझ्या ह्या कॉलरीवर बोला."

"मग मी साखरपुड्याला येत न्हाय!" आत्या कडाडली.

"यावं असं वाटतंय, आत्या. पर तुमची मर्जी."

पवित्रा आत आली. धोंडुबाई पदराशी चाळा करत होती. "मला लोक हसायची भीती वाटतीया गं, बाई."

"हसू देत की, मावशी. दमल्यावर थांबतील."

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू फुटलंच. आत्या पाय आपटत परसात गेली. सम्राटचे कान लालबुंद झाले होते.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"निम्मंच. सुरुवातीचं बाहेर नीट आलं न्हाय."

"काय न्हाय आलं?"

"कोण पाहिजे म्हणालास ते."

त्यानं एकवार आईकडं पाहिलं, एकवार परसाच्या दाराकडं. मग छाती भरून ओरडला, "पवित्रा पाहिजे मला! पवित्राच!"

गोठ्यातल्या म्हशींनीसुद्धा माना वळवल्या. शेजारची दोन डोकी कुंपणावरून वर आली.

पवित्रानं लाजून मान खाली घातली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत, शेजाऱ्यांना नीट ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"मला बी सम्राटच पाहिजे!"