न विचारता घेतलेलं दुपटं

टॅक्सीतून उतरवताना बाबांचा मोठा ड्रम माझ्या हातून निसटला आणि उतारावरून गडगडत सुटला. मी मागे धावत ओरडतेय, "अहो, धरा! धरा त्याला!" खाली एका माणसाने चहाचा कप सांभाळत नुसता पाय आडवा घातला. ड्रम थांबला. चहा सांडलाही नाही.

"पळून चालला होता?" त्याने विचारलं.

"दुरुस्तीला आणलाय. ते ड्रमवाले इथे कुठे बसतात?"

"बसत नाहीत... आत्ता चहा पीत उभे आहेत."

मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण मी दाखवलं नाही.

माझे बाबा रॉक बँडमध्ये पस्तीस वर्षं ड्रम वाजवायचे. गेल्या वर्षी गेले. त्यांच्या बँडची गाणी लोक कदाचित विसरतील, पण पायाने वाजवायच्या या ड्रमचा आवाज नाही विसरणार – धुप्प! धाड नाही, ढुम नाही, धुप्प. तो कसा काढता, असं विचारून विचारून बाकीचे ड्रमर थकले. बाबा एवढंच म्हणायचे, "घरगुती युक्ती आहे."

शनिवारी त्यांच्या आठवणीत कार्यक्रम होता. बँडचे गायककाका सडेतोड माणूस. त्यांनी सांगून टाकलं होतं, "त्याच्यासारखा वाजला तर स्टेजवर ठेवू. नाहीतर संग्रहालयवाले मागतायत, देऊन मोकळे होऊ." संग्रहालय म्हणजे काचेची पेटी आणि 'हात लावू नये'ची पाटी. ज्या ड्रमला बाबांनी जन्मभर लाथा घातल्या, त्याला हात लावू नये! मला ते नको होतं.

"शनिवारी वाजवणार मीच आहे," ड्रमवाला म्हणाला. "त्यामुळे काळजी नको. पोचा काढतो, दोन्हीकडची स्किन बदलतो. गुरुवारी या."

गुरुवारी गेले. त्याने ऐटीत पेडल दाबलं. धाड!

"हा कोण?" मी म्हटलं.

"नवीन स्किन आहे, रुळायला वेळ—"

"मी हॉस्पिटलात लोकांचे कान तपासते. मला नका सांगू. हे बाबा नाहीत."

त्याने वाद घातला नाही. स्किन सैल केली, पुन्हा आवळली. मग आत उशी कोंबून पाहिली, मग टॉवेल, शेवटी अंगातला स्वेटर. प्रत्येक वेळी तो डोळे मिटून ऐकायचा आणि मी नकारार्थी मान हलवायचे. डोळे मिटले की त्याच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडायची. मी ती जरा जास्तच वेळ बघत होते.

"स्वेटर काढलात, आता थंडी वाजेल."

"तुम्ही बोलत राहा... ऊब मिळते."

"ही ऊब नाहीये, संताप आहे."

"तोही चालेल."

हा माणूस मला आवडायला लागला होता, आणि तेव्हा ते अजिबात सोयीचं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आमचे सगळे उपाय संपले. त्याने पेडलवरून पाय काढला. मग म्हणाला, "एक विचारू? तुमचे बाबा आत काही ठेवायचे का?"

"का?"

"उघडला तेव्हा आत एक फडकं होतं. सामान हलवताना लोक काहीही कोंबतात... मला वाटलं, तसलंच असेल."

"कुठाय ते?"

त्याने फळीकडे पाहिलं. पॉलिशच्या डब्याशेजारी पिवळ्या कापडाचे दोन तुकडे पडले होते. एक काळाकुट्ट झालेला, दुसरा स्वच्छ. त्यावर बदकं होती.

"खूप मऊ होतं हो... म्हणून बँडने पाठवलेली सिंबलची पितळी थाळी पुसायला घेतलं," तो पुटपुटला.

ती बदकं मला ओळखीची होती. माझ्या तान्हेपणीच्या प्रत्येक फोटोत ती आहेत. आईने शिवलेलं माझं दुपटं! मी वर्षाची असताना ते हरवलं, आणि आईने मावशीवर आळ घेतला – स्वतःच्या बाळासाठी ढापलं म्हणून. अठ्ठावीस वर्षं दोघी बहिणी त्यावरून एकमेकींना टोमणे मारतायत. आणि बाबा शेजारी बसून निमूटपणे जेवायचे!

"तुम्ही माझं दुपटं कापलंत," मी म्हणाले. हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. बाबा गेल्यापासून मी अशी रडले नव्हते. ती सगळी गाणी, तो सगळा धुप्प धुप्प माझ्या दुपट्याचा होता, आणि त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

तो माझ्याजवळ जमिनीवर बसला. "चूक झाली. विचारायला हवं होतं."

एवढंच बोलला. माफी मागून पुढे 'पण' न लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग त्याने काळा तुकडा धुतला, इस्त्री फिरवून वाळवला आणि ड्रमच्या पिशव्या शिवायच्या जाड दोऱ्याने दोन्ही तुकडे जोडायला घेतले. शिलाई पार वाकडी.

"हे बदक मागे वळून का बघतंय?"

"तुमच्याकडे बघतंय. त्याचा काय दोष?"

मी पटकन दाराकडे पाहायला लागले. कान तापले होते माझे.

दुपटं आत गेलं, स्किन आवळली, त्याने पेडल दाबलं. धुप्प.

मी ड्रमला हात लावला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाजवलं नाही.

शनिवारी आई पहिल्या रांगेत मावशीला घेऊन बसली होती. मी दुपट्याचं सांगितल्यावर सकाळीच तिने फोन करून मावशीची माफी मागितली होती. पहिला ठोका पडला तशी तिने माझा हात गच्च धरला. "मेला चोर! डोळ्यांदेखत नेलं की गं!" म्हणाली, आणि तिचे डोळे वाहत राहिले. कार्यक्रम संपल्यावर गायककाकांनी संग्रहालयवाल्यांना सांगितलं, "ड्रम मिळणार नाही. एक सिंबल नको तेवढं चकचकीत झालंय, ते न्या."

स्टेजमागे तो ड्रम उघडायला बसला होता. "दुपटं तुमचं आहे. घेऊन जा."

"राहू दे आत."

"नक्की?"

"बाबांनी न विचारता घेतलं. तुम्ही न विचारता कापलंत. आता एकदा तरी कोणीतरी मला विचारा!"

त्याने स्किन सैल करायची चावी खाली ठेवली. हात पँटला पुसले.

"ठेवू माझ्याकडे?"

"काय?"

"ड्रम... दुपटं..." तो अडखळला. दीड तास एक ठोका न चुकलेला माणूस! "...आणि तू. म्हणजे, तुम्ही—"

"तू चालेल," मी म्हणाले. "फक्त उतारावर नीट धर."